संशोधकाचे नाव आणि त्याचा क्रमांक : विद्यापीठीय माहितीप्रणालींतील चिरस्थायी ओळखीचा इतिहास

प्रस्तावना :

हार्वर्ड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेचा एकेचाळिसावा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला. बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची ती आवृत्ती होती. हेन्री क्लार्क वॉरन यांनी सिद्ध केलेल्या संहितेवर धर्मानंद कोसंबी यांनी अखेरचे संस्करण केले होते. त्याच मालेचा बेचाळिसावा ग्रंथ, विद्याकर याने संकलित केलेला 'सुभाषितरत्नकोश', १९५७ साली निघाला. त्याचे संपादक डी. डी. कोसंबी आणि व्ही. व्ही. गोखले हे होत. एकेचाळिसाव्या ग्रंथाचे कोसंबी (१८७६-१९४७) हे पिता आणि बेचाळिसाव्याचे (१९०७-१९६६) हे पुत्र. पित्याचे पूर्ण नाव धर्मानंद दामोदर आणि पुत्राचे दामोदर धर्मानंद. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची जी रीत महाराष्ट्रात व गोमंतकात रूढ आहे, तिच्यामुळे दोघांचीही आद्याक्षरे 'डी. डी.' अशीच होतात. दोघेही प्राचीन भारताचे अभ्यासक, दोघांचाही हार्वर्डशी संबंध, आणि दोघांची संपादने एकाच मालेत लागोपाठच्या क्रमांकांवर. मराठी वाचकाला यात घोटाळा वाटणार नाही. पण केवळ आद्याक्षरे व आडनाव जाणणाऱ्या सूचीला, अथवा आजच्या भाषेत संगणकप्रणालीला, हे दोन संशोधक वेगळे कसे ओळखता यावेत?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. नेमणूक, पदोन्नती, संशोधन अनुदान आणि विद्यापीठाचे मूल्यांकन हे सर्व आज 'कोणी काय लिहिले' या नोंदीवर उभे आहे. ती नोंद चुकली तर एकाचे श्रम दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात, किंवा कोणाच्याच खात्यात होत नाहीत. संशोधकाला नावाऐवजी कायमस्वरूपी क्रमांकाने ओळखण्याची पद्धत आणि तो क्रमांक विद्यापीठांच्या विविध माहितीप्रणालींत गुंफण्याचे प्रयत्न यांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तालिकेतील नाव :

लेखकाची ओळख निश्चित करण्याचे काम प्रथम ग्रंथपालांनी केले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयासाठी अँटोनियो पानिझ्झी यांनी तयार केलेले ९१ नियम १८४१ मध्ये छापले गेले. अमेरिकेत चार्ल्स अमी कटर यांनी १८७६ मध्ये मुद्रित तालिकेचे नियम सिद्ध केले. अमुक लेखकाचे ग्रंथालयात काय काय आहे हे वाचकास दाखवणे, हे तालिकेचे एक प्रमुख उद्दिष्ट त्यांनी मानले. हे उद्दिष्ट साधावयाचे तर एका लेखकाची सर्व पुस्तके एकाच नावाखाली आली पाहिजेत, मग मुखपृष्ठावर नाव कसेही छापलेले असो. यातून प्राधिकृत नामसूचीची कल्पना आकारास आली. नावाचे एक रूप प्रमाण मानायचे, इतर रूपांवरून त्याकडे निर्देश करायचा आणि समान नावांच्या व्यक्ती जन्म-मृत्यूच्या वर्षांवरून वेगळ्या करायच्या, अशी ही पद्धत होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून छापील तालिकापत्रांचे वितरण सुरू केले आणि एका ग्रंथालयाने ठरवलेले नाव शेकडो ग्रंथालयांत पोहोचू लागले.

भारतीय नावे या चौकटीत सहज बसणारी नव्हती. शि. रा. रंगनाथन यांनी १९३४ च्या आपल्या वर्गीकृत तालिका संहितेपासून या प्रश्नाकडे लक्ष दिले होते. १९६१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय तालिकीकरण परिषदेतही भारतीय व्यक्तिनामांची चर्चा झाली. मराठी नाव त्यातल्या त्यात सोपे समजले जाते, कारण व्यक्तीचे नाव, पित्याचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव असा त्याचा क्रम स्थिर असतो. तथापि पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही आडनावे मुळात वतनांची व अधिकारपदांची आहेत. गावोगावी एकच पद असल्याने एकच आडनाव गावोगावी पसरले. त्यातून नाव आद्याक्षरांपुरते संक्षिप्त करण्याची सवय जडली की शेकडो व्यक्ती एकाच रूपात कोंबल्या जातात. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ मध्ये सुरू झाल्यावर मराठी ग्रंथांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. पण रोमन लिप्यंतराच्या वेळी चिन्हांसह लिहिलेले नाव आणि लेखकाने स्वतः इंग्रजीत वापरलेले स्पेलिंग यांत पुन्हा अंतर पडले. इरावती कर्वे यांचे नाव इंग्रजीत कधी 'डब्ल्यू'ने, तर कधी 'व्ही'ने लिहिलेले आढळते.

या साऱ्या व्यवस्थेचा एकक मात्र ग्रंथ होता. नियतकालिकांतील लेखांच्या लेखकांची दखल ग्रंथालयीन तालिका सहसा घेत नसत. आणि विसाव्या शतकात विज्ञानाचे संशोधन तर मुख्यतः लेखरूपानेच प्रसिद्ध होत होते.

आद्याक्षरांचा काळ :

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न यूजीन गारफिल्ड यांच्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स' या सूचीने केला. उद्धरणांच्या आधारे सूची करण्याची कल्पना त्यांनी १९५५ मध्ये मांडली, आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ती सूची प्रत्यक्षात आली. जागेच्या काटकसरीसाठी तीत नाव आडनाव व आद्याक्षरे एवढेच राहिले, आणि उद्धृत लेखाची नोंद केवळ पहिल्या लेखकाच्या नावाखाली होऊ लागली. सूचीचा मूळ हेतू संदर्भशोधनाचा होता. पुढे तिच्यावरून माणसांचे मोजमाप होऊ लागले, आणि मग ही काटकसर महागात पडली.

कमला सोहोनी (१९११-१९९८) यांचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. त्या माहेरच्या भागवत आणि दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. केंब्रिज येथे वनस्पतींतील श्वसनक्रियेशी संबंधित सायटोक्रोम या द्रव्यावर काम करून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये रॉबिन हिल आणि के. भागवत अशा जोडनावाने त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. १९४७ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यानंतरही हिल यांच्यासोबतचा एक लेख १९५१ मध्ये 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये भागवत याच नावाने आला, तर मुंबईच्या विज्ञान संस्थेत भारतीय अन्नपदार्थांवर केलेले काम सोहोनी या नावाने. उद्धरणसूचीच्या दृष्टीने पाहता १९३९ चे टिपण हिल यांच्या नावाखाली जाते, १९५१ चा लेख भागवत यांच्या नावाखाली आणि पुढील सर्व काम सोहोनी यांच्या नावाखाली. एका बाईंच्या आयुष्यातील काम तीन ठिकाणी विखुरते, आणि त्यांतले एक ठिकाण त्यांचे नाहीच. विवाहानंतर नाव बदलण्याची प्रथा असलेल्या समाजात ही अडचण पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या वाट्याला अधिक येते हे सांगण्यास सांख्यिकीची गरज नाही.

दामोदर कोसंबी यांची अडचण उलट्या प्रकारची आहे. जनुकांतील अंतर मोजण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र जनुकशास्त्रज्ञ आजही वापरतात. त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली, आहत नाण्यांच्या वजनांचा सांख्यिकीय अभ्यास केला आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहिली. १९६० च्या दशकातील काही गणिती लेख तर त्यांनी 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. आजच्या स्वयंचलित प्रणाली विषय, संस्था व सहलेखक यांच्या साम्यावरून लेखक ओळखू पाहतात. अशा प्रणालीने कोसंबींचे तीन-चार निरनिराळे विद्वान केले तर तिला दोष देता येणार नाही, कारण एका माणसाने इतके करावे हे तिच्या गणितात बसत नाही.

विद्यापीठातील अनेक क्रमांक :

१९७० च्या दशकात पुस्तकाला आयएसबीएन व नियतकालिकाला आयएसएसएन हे आंतरराष्ट्रीय प्रमाणित क्रमांक मिळाले. शतक संपण्याच्या सुमारास डीओआय आला, आणि क्रॉसरेफ या संस्थेमार्फत २००० पासून प्रकाशक लेखालाही क्रमांक देऊ लागले. पुस्तक, नियतकालिक, लेख या सर्वांना क्रमांक मिळाला. राहिला तो लेखक.

विद्यापीठांत व्यक्तीला क्रमांक नव्हता असे मात्र नाही. उलट ते फार होते. आस्थापना विभागाचा सेवक क्रमांक, परीक्षा विभागाचा पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, ग्रंथालयाचा सभासद क्रमांक, लेखा विभागाचा प्रकल्प क्रमांक असे ते असत, आणि प्रत्येक विभागाची प्रणाली वेगळी असे. 'कायम' म्हटलेला पीआरएनही विद्यापीठाच्या हद्दीपुरताच कायम. कोल्हापुरात पीएच.डी. करून नांदेडला नोकरी लागलेल्या व्यक्तीचा संशोधक म्हणून आरंभ पुन्हा शून्यापासून होत असे. हे क्रमांक प्रशासनाने स्वतःच्या सोयीसाठी दिलेले होते, आणि विद्यापीठ सोडताच ते निरर्थक ठरत.

राष्ट्रीय पातळीवर या अडचणीवर दोन भिन्न मार्ग निघाले. ब्राझीलमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या लात्तेस या व्यासपीठावर प्रत्येक संशोधकाने आपला वृत्तान्त स्वतः भरावा आणि अनुदान देणाऱ्या संस्थांनी तोच ग्राह्य धरावा, अशी व्यवस्था झाली. पायॉन कणाच्या शोधातील एक शास्त्रज्ञ सेझार लात्तेस यांच्या नावावरून हे नामकरण झाले. एकच नोंद, एकच ठिकाण हा त्याचा गुण होता, आणि धोकाही तोच. जुलै २०२१ मध्ये यंत्रातील बिघाडामुळे ही प्रणाली काही दिवस बंद पडली तेव्हा साऱ्या देशाचे संशोधनवृत्त एकाच वेळी दिसेनासे झाले.

नेदरलँड्सने दुसरा मार्ग धरला. तेथील ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेत लेखकनामांचा राष्ट्रीय कोश होता. त्या कोशातील नोंदीचा क्रमांक हाच संशोधकाचा डिजिटल ओळखक्रमांक ठरवून तो विद्यापीठांच्या मेटिस या संशोधन-माहितीप्रणालीत घातला गेला. तेथून तो संस्थांच्या प्रबंध-भांडारांत आणि पुढे नार्सिस या राष्ट्रीय द्वारात पोहोचला. जुने ग्रंथालयीन शास्त्र आणि नवी प्रशासकीय प्रणाली यांचा इतका सरळ सांधा अन्यत्र क्वचितच जुळला असेल. पण परदेशी सहलेखकाला हा क्रमांक मिळत नसे, आणि देशाबाहेरील प्रकाशकाला त्याचे सोयरसुतक नसे. नार्सिस २०२३ मध्ये बंद झाले.

दरम्यान व्यापारी सूचींनी आपापले क्रमांक काढले. २००४ मध्ये सुरू झालेल्या स्कोपसने संगणकीय अनुमानाने लेखकांचे गट पाडून त्यांना क्रमांक दिले. थॉमसन रॉयटर्सने २००८ मध्ये रिसर्चर-आयडी सुरू केला. ग्रंथालये, प्रकाशक व कलावंतांच्या हक्कसंस्था यांनी मिळून आयएसएनआय हा क्रमांक आखला, आणि २०१२ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. एका संशोधकाला आता नावे दोन आणि क्रमांक पाच अशी स्थिती आली.

ऑर्किडची घडण :

नोव्हेंबर २००९ मध्ये थॉमसन रॉयटर्स आणि नेचर पब्लिशिंग ग्रुप यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील केंब्रिज येथे प्रकाशक, विद्यापीठे व ग्रंथालये यांची बैठक झाली. परस्परांचे स्पर्धक असलेल्यांनी एकत्र यावे याचे कारण व्यवहारातच होते : लेखक कोण याचा शोध प्रत्येकाने स्वतंत्रपणे घेणे सर्वांनाच परवडेनासे झाले होते. ऑगस्ट २०१० मध्ये ऑर्किड ही विनानफा संस्था स्थापन झाली आणि १६ ऑक्टोबर २०१२ रोजी तिची नोंदवही खुली झाली. या शब्दाचे देवनागरी रूप फुलाच्या नावासारखेच होते. इंग्रजी उच्चारही तोच असल्याने त्याला इलाज नाही.

ऑर्किडचा क्रमांक सोळा स्थानांचा असतो. आयएसएनआयच्या अंकमालिकेतील एक पट्टा त्यासाठी राखून ठेवलेला आहे. शेवटचे स्थान तपासणी अंकाचे. संस्थेने नमुन्यादाखल दिलेला क्रमांक ००००-०००२-१८२५-००९७ असा आहे. यातील पहिल्या पंधरा स्थानांचे अंक डावीकडून एकेक मिळवत दर वेळी बेरजेची दुप्पट करत गेल्यास १३१४ ही संख्या येते. तिला ११ ने भागता बाकी ५ उरते. १२ मधून ५ वजा करता ७, आणि तोच शेवटचा अंक. उत्तर १० आले तर त्या जागी रोमन 'एक्स' लिहितात. लिहिताना एखादा अंक चुकला तर यंत्राला ते तात्काळ कळते. हा नमुना क्रमांक ज्यांच्या नावे आहे ते जोसाया कार्बेरी हे ब्राऊन विद्यापीठातील प्राध्यापक अस्तित्वातच नाहीत. १९२९ मध्ये सूचनाफलकावर लावलेल्या एका थट्टेच्या नोटिशीतून त्यांचा जन्म झाला, आणि फुटक्या मडक्यांचे मानसशास्त्र हा त्यांचा विषय. कोसंबींनीही १९३१ मध्ये बूर्बाकी नावाच्या काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचे सामान्यीकरण करणारा लेख छापून आणला होता, याची येथे आठवण होते.

आधीच्या प्रयत्नांहून ऑर्किड वेगळे ठरले ते मालकीच्या तत्त्वामुळे. नोंद संशोधकाची, तीत काय दिसावे आणि कोणास दिसावे हे तो ठरवतो. पूर्वीचे नाव, टोपणनाव, अन्य लिपीतील नाव ही सर्व एकाच क्रमांकाखाली राहतात. प्रारंभी संस्थांना आपल्या सदस्यांसाठी क्रमांक परस्पर निर्माण करता येत असत. काही विद्यापीठांनी तसे केलेही. परंतु ज्याच्या नावाचा क्रमांक त्यालाच त्याची खबर नाही, अशा नोंदी साचू लागल्या आणि पुढे ही सवलत बंद झाली. आता विद्यापीठाने संशोधकाला ऑर्किडच्या दाराशी पाठवायचे, त्याने स्वतः प्रवेश करून संमती द्यायची आणि मग क्रमांक विद्यापीठाच्या प्रणालीत उतरायचा, अशी रीत आहे. अर्जातील रकान्यात हाताने लिहिलेला क्रमांक आणि असा पडताळलेला क्रमांक यांत मोठा फरक आहे. पहिला केवळ दावा असतो.

क्रॉसरेफने २०१५ मध्ये स्वयंचलित नोंदीची सोय केल्यावर चक्र पुरे झाले. लेखकाने लेखासोबत क्रमांक दिला की डीओआय नोंदताच, लेखकाच्या संमतीने, तो लेख त्याच्या ऑर्किड नोंदीत येतो आणि तेथून विद्यापीठाची प्रणाली तो उचलते. इटलीत विद्यापीठांच्या परिषदेने व मूल्यांकन संस्थेने २०१५ च्या सुमारास ही जोडणी राष्ट्रीय स्तरावर हाती घेतली. तेथे बहुसंख्य विद्यापीठांची संशोधन-प्रणाली एकाच संगणक-संघाने पुरवलेली असल्याने काम सुकर झाले. ब्रिटनमध्ये प्रत्येक विद्यापीठाची प्रणाली निराळी. तेथे आठ विद्यापीठांत आधी प्रयोग करून २०१५ मध्ये राष्ट्रीय संघ स्थापन करण्यात आला. याच काळात वेलकम ट्रस्टने अनुदानासाठी आणि २०१६ पासून रॉयल सोसायटीने लेखासाठी हा क्रमांक अनिवार्य केला. ऐच्छिक म्हणून आलेली वस्तू चार वर्षांतच सक्तीची झाली, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

भारतातील आणि महाराष्ट्रातील स्थिती :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या कार्यक्रमाचा आरंभ १९९१ मध्ये ग्रंथालये जोडण्यासाठी झाला. पीएच.डी.विषयक २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि 'शोधगंगा' उभी राहिली. २०१० च्या विनियमांतील एपीआय गुणांकनाने प्राध्यापकांना आपल्या प्रकाशनांची यादी भरावयास लावले. हीच यादी पुढे नॅकसाठी, एनआयआरएफसाठी आणि पदोन्नतीसाठी निरनिराळ्या तक्त्यांत पुन्हा पुन्हा भरली जाऊ लागली. या पुनरावृत्तीवर उपाय म्हणून इन्फ्लिबनेटची 'विद्वान' ही तज्ज्ञांची नोंदवही आणि पंजाब केंद्रीय विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित झालेली 'आयरिन्स' ही प्रणाली यांकडे पाहावे लागते. आयरिन्समध्ये विद्वान, ऑर्किड, स्कोपस, रिसर्चर-आयडी इत्यादी क्रमांक एका पृष्ठावर येतात आणि प्रकाशने त्यांच्या आधारे गोळा होतात.

येथे एक निराळीच गुंतागुंत पुढे आली, ती संस्थेच्या नावाची. मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले, पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे आणि सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये अहिल्यादेवी होळकर यांचे. नामविस्तारासाठी मराठवाड्यात केवढा संघर्ष झाला हे सर्वज्ञात आहे. तरीही लेखाखाली पत्ता लिहिताना जुने नाव, नवे नाव, त्यांची लघुरूपे आणि इंग्रजी स्पेलिंगचे भेद असे अनेक प्रकार आजही आढळतात. संशोधकाचा क्रमांक बरोबर असूनही त्याचे काम विद्यापीठाच्या खात्यात न पडण्याचे हे एक कारण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेली संशोधन-संस्थांची आरओआर ही खुली नोंदवही संस्थेलाही क्रमांक देते आणि तिची पूर्वीची नावे त्याच नोंदीत जपते.

मराठीतून लिहिणाऱ्या संशोधकाची अडचण याहून मूलभूत आहे. वर वर्णिलेले सारे चक्र डीओआयवर फिरते. मराठी संशोधनपत्रिकांपैकी अनेकांपाशी आयएसएसएन आहे, पण लेखांना डीओआय नाही. अशा लेखाची नोंद ऑर्किडमध्ये लेखकाला हाताने करावी लागते, आणि त्या नोंदीच्या खरेपणाची ग्वाही त्याच्याखेरीज कोणी देत नाही. इतिहास, साहित्य, लोकसंस्कृती या विषयांतील पुष्कळसे काम गौरवग्रंथ, स्मरणिका व संपादित लेखसंग्रहांतून येते; ते तर प्रणालीच्या नजरेआडच राहते. पत्रिकांच्या दर्जाची यादी करण्याचे आयोगाचे प्रयत्न या बाबतीत उपयोगी पडले नाहीत. मे २०१८ मध्ये ४,३०५ पत्रिका मान्यतेच्या यादीतून वगळण्यात आल्या, २०१९ मध्ये पुण्याच्या विद्यापीठाच्या साहाय्याने 'केअर' यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. या काळात पत्रिकांची पारख झाली. तिच्यातील लेख व लेखक यांना जोडणारा दुवा निर्माण करण्याचे काम कोणत्याच यादीच्या कक्षेत नव्हते. विज्ञान शाखेचा प्राध्यापक आपले पृष्ठ आपोआप भरलेले पाहतो, आणि त्याच महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापिकेचे पृष्ठ तिने स्वतः भरेपर्यंत रिकामे दिसते.

दिवंगतांचा प्रश्न शिल्लक राहतो. ऑर्किड संशोधकाने स्वतः घ्यावयाचे असल्याने ते १६ ऑक्टोबर २०१२ पूर्वी निवर्तलेल्या कोणासही मिळू शकत नाही. त्यांच्यासाठी आयएसएनआय व राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामसूची एकत्र करणारी व्हीआयएएफ ही नोंदवही आहे. २००३ च्या करारातून तिचा पाया घातला गेला. ग्रंथ लिहिणाऱ्या दोन्ही कोसंबींची नावे अशा सूचींत जन्मवर्षांसह वेगवेगळी राखली जातात. ज्यांचे आयुष्यभराचे काम लेखांतच आहे, त्यांना तोही आसरा पुरत नाही. 'नेचर'ने आपले जुने अंक संगणकावर आणताना १९३९ च्या त्या टिपणालाही डीओआय दिला. लेखाला क्रमांक आहे, त्यातील के. भागवत या नावाशी सोहोनी हे नाव जोडणारा दुवा मात्र त्या नोंदीत घालण्यास संमती देणारे कोणी आता उरलेले नाही.